पेन्सिलीचा रकाना

नळाच्या तोंडाला आधी अग्नी द्यायचा.
स्पिरिटचा बोळा, चिमटा, निळी ज्योत,
मग दोन मिनिटं पाणी नुसतं वाहू द्यायचं,
मग बाटली.
हे मला मुनीर शिकलगारांनी शिकवलं,
गंगावेशीतल्या चावीवर, पहाटे,
आणि रांगेतली एक म्हातारी म्हणाली,
"नळ मेला व्हय रं, भडाग्नी देतोयस त्यो?"
शिकलगार हसले नाहीत.

आधी काय होतं ते तेच सांगत, नळ्या विसळता विसळता:
माठाच्या पोटात घासलेली निवळीची बी,
तुरटीचा खडा,
आडात सोडलेला मासा, तो फिरतोय तोवर पाणी बरं.
पटकीच्या साली मरीआईचा गाडा शिवेपार ढकलला,
दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस आला
आणि आडात लाल औषध ओतून गेला.
आठवडाभर जांभळं पाणी. भात जांभळा. पोरांचे ओठ जांभळे.
"समदी बघायची पानी दिसतंय कसं," ते म्हणत,
"आनि मारनारं तर दिसतच न्हाई."

आम्हीही त्याला बघत नाही.
आम्ही शोधतो त्याचा शेजारी,
माणसाच्या आतड्यातला एक साधा जंतू.
तो सापडला तर समजायचं,
याच वाटेनं आणखी कुणी आलं असेल.

पंधरा नळ्या.
त्यांत रस्सा: तांबडा नाही, पांढरा नाही, जांभळा.
प्रत्येकीत एक इवली नळी, पालथी.
सदतीस अंश, म्हणजे आपल्याच अंगाची ऊब.
जंतू जेवतात, रस्सा पिवळा पडतो,
पालथ्या नळीत ढेकर अडकतो
मोहरीएवढा.
याला लागतात अठ्ठेचाळीस तास.

अठ्ठेचाळीस तासांत
हंडे भरून झालेले असतात, रिकामे होऊन परत भरलेले असतात,
तालमीत थंडाई घोटली गेलेली असते,
कुणीतरी बाटलीत दुधाची पावडर कालवलेली असते.
नळी बोलते तेव्हा
गाव पिऊन बसलेलं असतं.

पुराच्या साली प्रयोगशाळेत कमरेएवढं पाणी.
चहूकडे पाणी, आणि शहर टँकरची वाट बघत उभं.
ओसरल्यावर जुनी रजिस्टरं दोरीवर वाळत घातली,
पानं एकमेकांना चिकटलेली,
पट्टीनं हलकेच सोडवत होतो
तेव्हा ते पान हाताला आलं.

अठ्ठ्याहत्तर, श्रावण असावा.
नमुना ११४. ठिकाण: स्वतःच्या दारातली चावी.
पंधराच्या पंधरा.
खाली दुसऱ्याच्या अक्षरात: शिकलगार, चार दिवस रजा. कारण घरगुती.
आणि ११५ पासून पानाच्या उजव्या कडेला
पेन्सिलीनं ओढलेली एक रेघ,
वर लिहिलेलं: प्यालेले.
साहेबानं मागितलेला नाही, छापील तक्त्यात नाही असा रकाना.
३४०. १२०. गल्लीतली घरं गुणिले माणसं, अंदाजानं.
निकाल चांगला असला तरी आकडा.
११४ समोर मागाहून भरलेलं: ६.
सहावरून पेन्सिल दोनदा फिरलेली.

त्यांच्या घरी मी कैकदा जेवलोय.
माझं सोडून पाच ताटं मांडायचे.
कधी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं असंही म्हणवत नाही.

आता बाटलीतली पावडर काळी पडते, रात्रीत कळतं.
क्लोरीनचा थेंब पिवळा होतो, लगेच कळतं.
यंत्र आलंय, ते स्वतःच छापतं.
संगणकात रकाने अकरा.
"बारावा घालता येत नाही काका," पुण्याचा पोरगा म्हणाला,
"आणि घालायचा कशाला?"

मी कागद काढतो,
उजव्या समासाला पट्टी लावतो.

आज लक्षतीर्थ वसाहत, सकाळी सात दहा.
नळाला अग्नी दिला, दोन मिनिटं वाहू दिलं.
नळ्या उबेला ठेवल्यात, निकाल परवा.
प्यालेले: दोन हजार, आणि वर एक.
कोपऱ्यावरच्या घरातून तांब्या पुढे आला होता,
नको म्हणवलं नाही.